सोसेल तेवढी वीज

ज्याला दुसऱ्याचे दुःख पाहवत नाही, तो त्याचे हितच करतो असे नाही. उपचार करणाऱ्याच्या ठायी दया हवीच; परंतु दयेने भयाचा हात धरला, की औषध बाटलीतच राहते, आणि दोघांनाही वाटते, आपण एकमेकांना जपत आहोत. पुस्तके बांधणारी एक मुलगी आणि तिच्या हातावर विजेचे उपचार करणारा तरुण यांच्या बाबतीत असेच घडले.

त्यांची पहिली भेट दारात झाली. ती डाव्या खांद्याने उपचारगृहाचे दार ढकलीत होती. उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता.

"ते ओढायचं दार आहे," आतून आवाज आला. "जरा मागे सरा, मी उघडतो. दाराशी वैर नको… त्याला इथे रोज मार खावा लागतो."

तिला हसू आले. महिन्याभरात प्रथमच.

जिन्यावरून पडून तिच्या दंडाचे हाड मोडले होते. हाड सांधले, पण त्याला लगटून जाणारी नस चेंगरली, आणि मनगट उचलणारे स्नायू निपचित झाले. सहा आठवडे विजेचे उपचार करून पाहू, स्नायूने साद दिली नाही तर शस्त्रक्रिया, असे शल्यविशारदांनी सांगितले होते. त्यानंतर पानांच्या जुड्या सुईदोऱ्याने शिवता येतील का? त्यांनी खांदे उडवले होते. वडिलांच्या कारखान्यात ती नवव्या वर्षापासून शिवीत आली होती. दुसरे काही तिला येत नव्हते, आणि यावे असे वाटतही नव्हते.

तरुणाने तिच्या हाताच्या मागच्या बाजूला दोन ओल्या पट्ट्या बसवल्या. "आधी मुंग्या येतील. मी बटण फिरवीत जाईन. वीज आली की तुम्हीही मनापासून मनगट उचलायचं, यंत्राच्या भरवशावर राहायचं नाही. सोसेनासं झालं की 'बस' म्हणा."

बटण फिरले. मुंग्या आल्या.

"बस," ती म्हणाली.

"एवढ्यात?"

"हो… बस."

त्याने वहीत आकडा लिहिला. हात जागचा हलला नव्हता.

पाच आठवडे हेच चालले. सोबतीला येणाऱ्या आत्याने त्याचे नाव 'वीजवाले' पाडले. ती म्हणे, "काय हो वीजवाले, आमच्या मुलीला नुसत्या गुदगुल्याच करता का?" तो हसे. तो हसला की मुलीची नजर यंत्रावरून त्याच्याकडे जाई, आणि चोरी पकडल्यासारखी परत येई. रात्री मात्र तिला झोप लागत नसे. कारण खरे तिला ठाऊक होते. वीज सोसत होती. पूर्ण वीज देऊनही हात उठला नाही, तर? मग आशेला जागाच उरणार नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे ती मनाला समजावी. आणि मूठ वळण्याचे बळही हातात नाही, हे आठवून पुन्हा भिई.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी तो पट्ट्या हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

"काल या पट्ट्या मी माझ्या हाताला लावून पाहिल्या. तुमच्या आकड्यावर तर माशी बसल्यासारखंही वाटलं नाही."

"मी खोटं बोलत होते."

"ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग… बोलला का नाहीत?"

"तुम्ही घाबरलात की माझा हात थांबायचा. या खुर्चीवर आजोबांच्या वयाची माणसं रडली आहेत. तरी मी बटण फिरवलं आहे."

"मग माझ्यावरच ही मेहेरबानी कशाला?"

त्याने वायरीचा पीळ सोडवला. "याचं उत्तर दिलं, तर मला तुमच्यावर उपचार करता येणार नाहीत."

"आणि नाही दिलं तर?"

"तरी नाहीच. उद्यापासून आमच्या मोठ्या बाई करतील. त्यांच्यापुढे यंत्रसुद्धा घाबरतं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "मुली, मी तुझी मावशी नाही. खोटी 'बस' मला लगेच कळते."

पडद्यापलीकडून आत्याचा आवाज येत होता. "अहो, बसा तरी. असे उभे काय, निकाल लागायचा आहे तुमचा?"

"बसवत नाही," तो म्हणाला.

बटण फिरू लागले. मुंग्या आल्या. मग सुया. मग कोणी स्नायू मुठीत धरून पिळावा तसे झाले. तिने डोळे मिटले. शब्द ओठांशी आला, तो तिने दातांखाली धरला. हात पडूनच होता. एक… दोन… तीन वेळा वीज आली आणि ओसरली.

"उचल," बाई म्हणाल्या. "तूही उचल."

तिने उचलला. कातडीखाली दोरीसारखे काही ताणले गेले आणि मनगट बोटभर वर आले. मग पडले. पुन्हा आले.

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "महिने लागतील. पूर्ण बरा होईल, असा शब्द मी देत नाही. पण शस्त्रक्रिया थांबवायला सांगते."

ती बाहेर आली. पडद्यामागून त्याने सारे ऐकले होते. आत्या एकाएकी पाणी शोधायला निघून गेली.

"आता मी तुमची रुग्ण नाही ना?"

"नाही."

"मग उत्तर द्या."

"माझा जीव जडला आहे तुमच्यावर," तो म्हणाला. "आणि त्यापायी मी तुमचे पाच आठवडे घालवले. राग धरलात तर तो योग्यच आहे."

"धरला आहे," ती म्हणाली. "पण मला भीती वाटते आहे… कालपेक्षा जास्त. आता गमावण्यासारखं काहीतरी आहे. ती भीती ओसरेपर्यंत इथे थांबाल?"

तो तिच्या शेजारी बाकावर बसला.

भ्यालेल्यांना सत्य सोसण्याचे बळ मिळो, त्यांच्यावर माया करणाऱ्यांना ते सांगण्याचे धैर्य मिळो. आणि या दोघांचे पुढले सारे दिवस, हात उठो वा न उठो, कल्याणाचे होवोत.