मारबुर्गची सुई

विल्हेल्म्सहाफेनच्या गोदीत मी सव्वीस वर्षं होकायंत्रं जुळवली. काम कंटाळवाणं आहे. पोलादी बोट म्हणजे स्वतःच एक भलं मोठं लोहचुंबक, त्यामुळे तिच्यावरचं होकायंत्र सरळ उत्तर दाखवत नाही. मग बोट बोयाला बांधायची, हळूहळू पूर्ण गोल फिरवायची, दर वेळी लांबच्या चर्चच्या मनोऱ्यावर नजर धरून सुई किती चुकते ते लिहून घ्यायचं, आणि होकायंत्राच्या पितळी खांबात बोटभर लांबीचे चुंबक मागेपुढे सरकवून ती चूक मारून टाकायची. उरलीसुरली चूक तक्त्यात लिहून बोटीच्या दिशाधिकाऱ्याच्या हाती दिली की माझं काम संपलं. त्या सव्वीस वर्षांत माझा तक्ता चुकला असं एकाच बोटीनं म्हटलं.

‘मारबुर्ग’ ही हलकी क्रूझर १९०९च्या मे महिन्यात माझ्याकडे आली. तीन धुरांडी, दहा तोफा, सव्वातीनशे माणसं. कठड्यांचा रंग अजून बोटाला लागत होता. दिवसभर तिला फिरवली आणि मला आश्चर्य वाटलं, कारण उरलेली चूक जवळजवळ शून्य होती. नवी बोट इतकी गरीब गाय कधी नसते. तिचा दिशाधिकारी लेफ्टनंट रेस्टॉर्फ माझ्या खांद्यावरून बघत होता. सडपातळ, पंचविशीचा, मेक्लेनबुर्गचा माणूस, आणि बोलण्यात जरा तिखट.

“रेमर्स, इतकं चांगलं असेल तर त्यात काहीतरी लबाडी असणार,” तो म्हणाला.

“लबाडी माझ्याकडून नाही, साहेब.”

तीन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं. डेन्मार्कच्या पूर्वेला, काटेगाटच्या समुद्रात सुई पश्चिमेकडे तीन अंश झुकते, आणि बोटीचं तोंड कुठेही केलं तरी तेवढीच झुकते. हे शक्य नाही. दोष बोटीच्या पोलादात असेल तर बोट वळली की चूकही बदलते; ती बदलत नाही याचा अर्थ दोष बोटीत नाही. मला वाटलं, सुकाणू धरणाऱ्याच्या टोपीत पोलादी तार असेल. खलाशी टोपीचा घेर ताठ राहावा म्हणून तार घालतात आणि बिचाऱ्या होकायंत्राची वाट लावतात.

बोट परतली तेव्हा मी चढलो. टोप्या तपासल्या, सुऱ्या काढून ठेवायला लावल्या, रेस्टॉर्फचे किल्ल्यांचे खिसेसुद्धा रिकामे करवले. मग बोट फिरवली. चूक शून्य.

रेस्टॉर्फ हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “दातदुखीसारखं आहे हे. वैद्याच्या दारात उभं राहिलं की दात दुखायचा थांबतो.”

पुढच्या दोन वर्षांत हे आणखी तीनदा झालं. बाहेर सुई झुकायची, मी चढलो की सरळ व्हायची. आमचे इन्स्पेक्टर ब्रांडिस यांनी एक दिवस मला खोलीत बोलावून दार लावलं. “काय हो रेमर्स, त्या लेफ्टनंटाचं म्हणणं आहे की तुम्ही खांबात काहीतरी ठेवून जाता, आणि पुढच्या खेपेला काढून घेता. तुमचं काय म्हणणं?”

“माझं म्हणणं, तो चोरून काहीतरी ठेवतो आणि मी यायच्या आधी काढतो.”

“म्हणजे दोघांपैकी एक चोर,” ब्रांडिस म्हणाले, “आणि दोघंही माझ्याच नशिबी.”

मला खरोखरच रेस्टॉर्फचा संशय होता. बोट गोदीत असली की तो माझ्या हातांकडे बघायचा आणि मी त्याच्या.

१९१२च्या जूनमध्ये, एका रविवारी दुपारी, तो थेट माझ्या घरी आला. फोल्के, माझी बायको, चहा करत होती. तिनं त्याच्या पेल्यात खडीसाखर टाकली, वर साय सोडली, आणि तो ते न पिता टेबलावर नकाशा पसरू लागला.

“भांडायला आलो नाही. मी तीन वर्षं नोंदी ठेवल्यात. बघा. बाल्टिकमध्ये सुई पश्चिमेकडे झुकते. डोव्हरच्या बाजूला गेलो की पूर्वेकडे. मधे एक उभी रेघ आहे, तिच्यावर बोट आली की सुई सरळ.” त्यानं पेन्सिल खाली ओढत आणली. नॉर्वेपासून निघालेली ती रेघ समुद्र ओलांडून आमच्या गावात शिरत होती.

“बोटीला इथलं काहीतरी ओढतंय,” तो म्हणाला. “तुमच्या गोदीत काय पुरलंय?”

“तीन अंशांची ओढ चारशे मैलांवरून? जगातलं सगळं लोखंड इथे आणून पुरलंत तरी होणार नाही.”

“तेच तर मी म्हणतोय.” त्यानं दुसरा कागद काढला. “आणि हे बघा. या वर्षी अकरा मार्च ते वीस एप्रिल. ही रेघ इथून उठली आणि पार पूर्वेला गेली. आम्ही डेन्मार्कच्या पूर्वेला असतानासुद्धा सुई पूर्वेकडेच झुकत होती. वीस एप्रिलनंतर परत जागेवर. त्या काळात गोदीतून काय हलवलं गेलं? यादी मिळेल?”

फोल्के साय घेऊन पुन्हा आली होती. ती सहज म्हणाली, “मार्च-एप्रिल म्हणजे अहो, तुम्ही डान्झिगला—”

“फोल्के, दूध उतू जातंय,” मी म्हणालो.

ती आत गेली. रेस्टॉर्फ नकाशावर वाकलेला होता. त्यानं ऐकलं की नाही, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी सांगितलं की यादी शोधतो. अकरा मार्चला मी आगगाडीत बसलो होतो. वीस एप्रिलला परत आलो होतो. मधले सहा आठवडे पार पूर्वेला, डान्झिगच्या गोदीत काम करत होतो.

योगायोगावर माझा विश्वास आहे. धंदाच तसा आहे, एका मोजणीवर कुणी तक्ता करत नाही. म्हणून मी एक वर्ष थांबलो. १९१३च्या जूनमध्ये मारबुर्ग उत्तर समुद्रात सरावाला गेली, तेव्हा मी रजा काढून चार दिवस पश्चिमेकडच्या एमडेनला आईकडे गेलो. कुणाला कारण सांगितलं नाही. आईबरोबर कालव्याकाठी फिरलो, कोळंबी सोलली, तिच्या कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त केलं.

महिनाअखेरीस रेस्टॉर्फचं पत्र आलं. रेघ चार दिवस पश्चिमेला पस्तीस मैल सरकली होती. तारखा माझ्याच होत्या. “तुमच्या गोदीत तेव्हा काय झालं?” त्यानं विचारलं होतं.

मी उत्तर लिहिलं, “काही नाही.”

फोल्केला मात्र सांगितलं. ती आधी हसली. “म्हणजे मला सवत आली म्हणायची! तीसुद्धा तीन धुरांड्यांची.” मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. “साहेबांना सांगा ना.”

“काय सांगू? सरकारी युद्धनौकेची सुई माझ्याकडे बघते? वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. नाहीतर हेर म्हणून तुरुंगात.”

 त्यानंतर मी बाहेरगावी जायचं म्हटलं की ती विचारायची, “बोट कुठे आहे?”

लढाई सुरू झाली. नवी, चुंबकाविना चालणारी होकायंत्रं मोठ्या युद्धनौकांना मिळाली. मारबुर्गला जुन्यावरच भागवायचं होतं. रेस्टॉर्फनं त्यावरही उपाय काढला. कुठल्या रेखांशावर सुई किती झुकणार याचा त्यानं स्वतःचा तक्ता केला, रेघ विल्हेल्म्सहाफेनवर धरून. त्या तक्त्यावर त्यानं बोट चौदा महिने धुक्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यांमधून सुखरूप नेली-आणली. खलाशी म्हणत, रेस्टॉर्फसाहेबाला डोळे बांधले तरी घराचा वास येतो. मला हे कळलं तेव्हा मी एक निश्चय केला. लढाई संपेपर्यंत गाव सोडायचं नाही. सोडलंही नाही.

१९१५च्या ऑक्टोबरात एमडेनहून तार आली. आई शेवटच्या घटका मोजत होती.

मी दारात टोपी हातात घेऊन उभा होतो. मारबुर्ग आदल्या दिवशी बाहेर पडली होती. फोल्केनं तार वाचली. “जा,” ती म्हणाली. “आई एकदाच मरते. आणि एका दिवसानं काय होणार आहे?”

मी गेलो. आई नऊ तारखेला सकाळी गेली. त्या दिवशी किनाऱ्यावर असं धुकं होतं की शवपेटी आणणाऱ्या सुताराला आमचं दार सापडेना.

मारबुर्ग त्याच सकाळी पश्चिमेकडून परतत होती. लांगेओग बेटाच्या उत्तरेला आमच्याच सुरुंगांच्या दोन पट्ट्यांमधून वाट होती, सव्वा मैल रुंदीची. ती वाट चुकली. दोन सुरुंग फुटले. एकशे चौऱ्याण्णव माणसं गेली.

रेस्टॉर्फ वाचला होता. पंधरा दिवसांनी तो गोदीत आला. उजवा हात गळ्यात बांधलेला, भुवया जळालेल्या. माझ्या कामाच्या खोलीत तो बसला नाही.

“नऊ तारखेला सकाळी तुम्ही कुठे होतात?”

मी हातातला चुंबक खाली ठेवला. मग म्हणालो, “एमडेनला. आई वारली.”

त्यानं मान हलवली. जणू एक बेरीज जुळली.

“म्हणजे मी चुकलो नव्हतो,” तो म्हणाला.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“त्या रविवारी तुमच्या घरी दूध उतू गेलंच नव्हतं, रेमर्स. वास आला असता. मी वाट बघत होतो तुम्ही सांगाल म्हणून. तीन वर्षं. मलाही माझ्या डोक्याचा भरवसा नव्हता. तुम्ही एकदा हो म्हणाला असतात, तर तुम्हाला खुर्चीला बांधून ठेवलं असतं मी, पण बोट वाचली असती.”

चौकशी झाली. त्यात त्यानं माझं नाव घेतलं नाही. “तक्ता माझा स्वतःचा होता, चूक माझी,” एवढंच बोलला. मलाही साक्षीला बोलावलं होतं. खांबातले चुंबक योग्य जागी होते का, विचारलं. मी हो म्हणालो. आणखी काही सांगायचं आहे का, विचारलं. मी नाही म्हणालो. रेस्टॉर्फ समोरच्या बाकावर बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्याला आरमारातून काढलं. लढाईनंतर तो श्वेरीनच्या एका शाळेत गणित शिकवू लागला, असं मी ऐकलं.

१९२० साली त्याच्याकडून पहिलं पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. दर्यावर्दींसाठी सरकार जी सूचनापत्रकं छापतं, त्यातलं एक कात्रण होतं. सुरुंग वेचणाऱ्या बोटींना मारबुर्गचा सांगाडा लांगेओगच्या उत्तरेला चौदा मैलांवर, बावीस मीटर पाण्यात सापडला होता. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पश्चिमेकडे.

बंदरात मन रमेना. दुसऱ्या वर्षी मी निवृत्ती घेतली आणि आम्ही फोल्केच्या माहेरी, दक्षिणेला क्लोपेनबुर्गजवळच्या खेड्यात राहायला गेलो. समुद्र तिथून साठ किलोमीटर. वारा आला तरी त्याला कोबीचा वास.

१९२२मध्ये दुसरं कात्रण. “मारबुर्ग: जागा दुरुस्त करावी.” सांगाडा आता बेटापासून नऊ मैलांवर होता. नाळ दक्षिणेकडे.

ब्रांडिस तेव्हा आमच्याकडे पाहुणे होते. मी त्यांना कात्रण दाखवलं. “वाळू सरकते,” ते म्हणाले. “पहिली मोजणी चुकली असेल.” चार हजार टनांची बोट, सांगाडा वाळूत अर्धा रुतलेला. त्यांनी कात्रण पुन्हा वाचलं, आणि रात्री राहणार होते ते संध्याकाळच्या गाडीनंच गेले.

१९२४. “जागा दुरुस्त करावी.” बेटाच्या मागे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात. खोली लिहिलेली नव्हती. नुसतं, “वर काही दिसत नाही.”

मी रेस्टॉर्फला पत्र लिहिलं. चौकशीत जे बोललो नाही ते सगळं लिहिलं, माफीही मागितली. उत्तर आलं नाही.

या मार्चमध्ये शेवटचं पाकीट आलं. कात्रण दोन ओळींचं.

“मारबुर्ग: दिलेल्या जागी आणि आसपास शोध घेतला. सांगाडा आढळला नाही. नकाशावरून खूण काढून टाकावी.”

खाली पहिल्यांदाच रेस्टॉर्फचं अक्षर होतं. “तुमची माफी पोचली. पण ती मला नको होती.”

त्यानंतरच्या आठवड्यात फोल्के सकाळी किटली घेऊन आली. “अहो, जरा चाखून बघा. पाणी मचूळ लागतंय का?”

मी चाखलं. मग शेजारच्या हान्केनच्या विहिरीवर गेलो, त्याच्या पलीकडच्या शाळेच्या विहिरीवर गेलो. दोन्ही गोड. आमची विहीर एकोणीस मीटर खोल आहे, फोल्केच्या आजोबांनी खणलेली.

 दुपारी फोल्केनं ट्रंक भरली आणि बहिणीकडे ब्रेमेनला गेली. मला चल म्हणाली. मी म्हणालो, मी कुठेही आलो तरी काय उपयोग? तिनं माझा गाल कुरवाळला आणि गाडीत बसली.

आज सकाळी मी बादली सोडली. ओढताना नेहमीपेक्षा जड लागली नाही. पाणी ओतलं तेव्हा तळाशी काहीतरी काळं राहिलं.

समुद्रातला शिंपला होता, किंचित उघडा. मी बोट लावलं तसा तो मिटला.