पंख्यावरचा गुलाबी ठिपका

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी गळून पडो!

माझ्या नातीला घरात सगळे शंकासुर म्हणतात. दूधवाला असो, डॉक्टर असो, झोपलेलं मांजर असो... ती डोळे बारीक करूनच बघते. काम मात्र गोड. पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. पण तिच्या लॅपटॉपचा पंखा असा घरघरायचा, की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं वाळत घातलेले कपडे धरून ठेवायची! प्रकाशकानं बजावलं, "पुढचं प्रकरण असंच आलं तर काम दुसरीला देऊ."

त्यात एका दुपारी लाइट गेली. बॅटरी तर मरायला टेकलेली. ही लॅपटॉप छातीशी धरून धावत खाली उतरली आणि जिथं दिवा दिसला त्या दुकानात घुसली. दुकान नेमकं लॅपटॉप दुरुस्तीचं!

"जरा चार्जिंगला लावू?"

"लावा की. पण हेलिकॉप्टर बाहेर उतरवायचं होतं," दुकानातला पोरगा म्हणाला.

हिला हसू आलं... तिनं ते गिळलं.

"गादीवर ठेवून वापरता ना?" तो कान देऊन म्हणाला. "हवा कोंडते, धूळ बसते, पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो आणि बॅटरी खातो. ठेवून जा, साफ करतो."

ठेवून जा? आणि आतला चांगला माल काढून घेतला तर? "उद्या आणते," म्हणून ती घरी आली. स्वतःची नेलपॉलिशची बाटली काढली, लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं आणि पंख्यावर एक, बॅटरीवर एक, असे गुलाबी ठिपके दिले. खूण! मगच लॅपटॉप त्याच्याकडे दिला.

परत घ्यायला गेली तेव्हा तो म्हणाला, "धूळ काढली. आपोआप सुरू होणारे फालतू प्रोग्राम बंद केले. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, बॅटरी टिकेल. आवाज तपासायला थोडं रेकॉर्डिंग केलंय, ऐका घरी." आणि तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"नखं कशाला बघताय?"

"कोरी आहेत... म्हणून."

"मग?"

"मग — काही नाही." कानापर्यंत लाल झाला!

घरी येऊन तिनं झाकण उघडलं. बॅटरीवरचा ठिपका तोच. पंख्यावरचा मात्र... जरा गडद!

"आजी, चोर आहे तो! पंखा बदलला आणि वर खोटा ठिपका लावला!"

डोळ्यांत पाणी. पंख्यासाठी कुणी एवढं रडतं का? म्हटलं, "आधी रेकॉर्डिंग तर ऐक."

पंखा अगदी गप्प. इतका गप्प, की दुकानातलं सगळं ऐकू आलं. बंद करायला विसरला होता येडा!

"खिशात नेलपॉलिश? कोण रे ती?" एका बाईचा आवाज.

"आई, हळू! ब्रशनं घासताना पंख्यावरचा तिचा ठिपका उडाला. तिला वाटेल मी पंखा बदलला. तीन दुकानं हिंडलो, पण तोच रंग मिळेना."

"मग सरळ सांग तिला."

"सांगेन... पण ती समोर आली की मला दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतं. तू जा बघू घरी!"

नात तशीच चपला अडकवून पळाली. तिला बघून त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला.

"ठिपका... मी सांगणारच होतो..."

"आईला सांगून झालं. मला कधी सांगणार?"

"ऐकलंत?"

"पंखा फार छान दुरुस्त झालाय." तिनं हात पुढे केला. "बाटली द्या. आणि अंगठा."

त्याच्या अंगठ्याच्या नखावर तिनं सावकाश एक ठिपका दिला. फुंकर घातली.

"आता तुम्हाला कुणी बदललं, तर मला लगेच कळेल."

नवं प्रकरण स्वच्छ रेकॉर्ड झालं, काम तिच्याकडेच राहिलं. आणि तोही.

सगळं खरं हं! फक्त... कवळी हलायला लागलीय, म्हणून सांगून टाकते. ती गुलाबी बाटली तिची नव्हतीच. तिची नखं कायम कोरी. बाटली माझी होती. आता त्याची गडदवालीही मीच ढापलीय. हे बघा, शोभते की नाही?