काचेवरचं डांबर

भाऊ कोठडीत होता आणि चौकातला सिग्नल आज शहाण्यासारखा चालत होता. ताई फौजदारांना घेऊन तिथे आली होती.

काल गल्लीच्या तोंडाशी अडकलेल्या रुग्णवाहिकेला हिरवा दिवा मिळालाच नाही. रुग्ण घुसमटू लागला, तसा चालकाने लाल दिवा तोडला. बस आदळली. आतली नर्स जागीच गेली. सिग्नलची देखभाल भावाकडे. खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं. आईने अन्न सोडलं होतं.

"आज यंत्र ठणठणीत आहे, बाई," फौजदार म्हणाले. "म्हणजे काल त्यानेच बंद ठेवलं."

ताई सिग्नलच्याच नियंत्रण कक्षात नोकरीला होती. "बंद पडलं तर गल्लीला ठरावीक वेळाने हिरवा मिळतोच, साहेब. काल ते चालू होतं. फक्त त्याला गल्ली रिकामी दिसत होती."

ती थांबा-रेषेपाशी उकिडवी बसली. थांबलेली गाडी ओळखणारी तार रस्त्यात पुरलेली होती; तिच्याशेजारी डांबराचं ठिगळ होतं. दोन्ही बाजूंना गंजाचे लांब डाग.

जलवाहिनीचा ठेकेदार बघत उभा होता.

"हे ठिगळ कधीचं?"

"झाले आठ दिवस."

"काल इथे खोदकाम?"

"छे. तुमच्या भावालाही काल सकाळी फोनवर तेच सांगितलं."

"त्याने काय विचारलं होतं?"

"सिग्नलपाशी लोखंड ठेवलंय का, म्हणून."

ताईने पेचकसाने ठिगळाची कड उचकटली. डांबराचा लपका उलटा झाला. त्याच्या तळाला फुटक्या काचेचा चुरा चिकटला होता.

"ही रुग्णवाहिकेची काच, साहेब. अपघात काल झाला. मग आठ दिवसांपूर्वीच्या डांबराखाली ती गेली कशी?"

फौजदार ठेकेदाराकडे वळले.

"परवानगी न काढता यांनी चर खणला," ताई म्हणाली. "वर लोखंडी प्लेट टाकली, ती तारेवरच आली. तारेला लोखंड कळतं. पण जे हलतच नाही, त्याला ती थोड्या वेळाने रस्ताच समजते. मग प्लेटवर उभी राहिलेली गाडी तिला कळत नाही. भावाला संशय आला, त्याने फोन केला. हे खोटं बोलले."

"मला वाटलं, दुपारपर्यंत उचलू," ठेकेदार पुटपुटला. "दंड झाला असता."

"लोक त्या नर्स पोरीला बाहेर ओढत होते, तेव्हा तुम्ही प्लेट ओढत होतात, चरावर डांबर टाकत होतात."

फौजदारांनी त्याचा दंड धरला.

संध्याकाळी भाऊ सुटला. ताईने त्याला गाडीत बसवलं.

"घरी चल. आई वाट बघतेय."

"आधी त्या नर्सच्या घरी," तो म्हणाला. "फोनवर विश्वास न ठेवता मी स्वतः यायला हवं होतं, ताई."

तिने गाडी वळवली.