ज्ञानूमिस्त्रींचा ठोकळा

तो बाहेरचा दिवा मालवा, किडे येतात. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच जाऊन झोपावं, मध्येच उठून आईला हाका मारायच्या नाहीत.

हनीफ मूळचा भोरचा, पण काम वेल्ह्यात, ज्ञानू सुतारांच्या पत्र्याच्या शेडमधल्या लाकूडकामाच्या कारखान्यात. अकरा वर्षं दोघं एका डब्यात जेवले. २००६ साली गणपती उठले आणि आठवड्याच्या आत ज्ञानूमिस्त्री छातीत कळ येऊन गेले. हनीफ भोरला परतला नाही, कारखान्यातच राहिला. दिवसा मशीनचा आवाज, संध्याकाळी तोही बंद. आठ-आठ दिवस कुणाशी चार शब्द व्हायचे नाहीत.

त्या डिसेंबरात, बारा तारखेला, मंगळवारी दुपारी मिस्त्रींची बायको बाळाबाई आली.

"हनीफभावजी, उद्या प्रगतीच्या लेकीचं बारसं हाय. आजोबानं पाळणा कबूल केला व्हता नातवंडाला..."

"सकाळी या वैनी. तयार ठेवतो."

म्हणाला खरा, पण वीज कुठं होती? तेव्हाचं भारनियमन तुम्हाला काय ठाऊक! वीज आली रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. आणि पाळण्याला पट्ट्या हव्या होत्या चोवीस, सगळ्या एका लांबीच्या.

ते मशीन कसं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टेबलाच्या मधून गोल पातं वर आलेलं. बाजूला एक खाच, खाचेत पुढेमागे सरकणारा गुण्या, म्हणजे पट्टीला काटकोनात धरणारा आधार. पट्टी गुण्याला घट्ट दाबून धरायची आणि गुण्यासकट पात्यावर ढकलायची. पात्याच्या दुसऱ्या बाजूला, त्याला समांतर, लांब लोखंडी कठडा. मापासाठी पट्टीचं टोक थेट त्या कठड्याला टेकवलं, तर कापलेला तुकडा पातं आणि कठडा यांच्यामध्ये अडकतो, तिरका होतो, आणि पातं त्याला उलटा फेकतं. ढकलणाऱ्याच्याच अंगावर.

म्हणून ज्ञानूमिस्त्री कठड्याला, पात्याच्या बऱ्याच अलीकडे, कापणाऱ्याच्या बाजूला, सागाचा एक ठोकळा क्लॅम्पनं आवळायचे. टोक ठोकळ्याला टेकवून माप घ्यायचं. पट्टी पुढे सरकली की टोक मोकळं. नवं माप लागलं की पेन्सिल जिभेवर ओली करून ठोकळ्यावर रेघ मारायची, ही त्यांची सवय. "तुकड्याला पडायला जागा ठेव, हनीफ," असं रोज सांगायचे. हनीफ वैतागायचा.

आता तो ठोकळा कुठं होता? मिस्त्रींना उचलायच्या वेळी हनीफजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. त्यानं ठोकळाच आणून त्यांच्या छातीवर ठेवला. चितेबरोबर गेला. नवा करायला मात्र त्याचा हात धजेना. नवा केला म्हणजे मिस्त्री खरंच संपले, असं त्याला वाटायचं. दहा मिनिटांचं काम तीन महिने राहिलं; तोवर एका मापाच्या पट्ट्यांचं काम त्यानं घेतलंच नव्हतं.

तर हनीफनं पट्टी थेट कठड्याला टेकवली.

पहिली निघाली. दुसरीचा तुकडा अडकला, किंचाळला, आणि त्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडला. शहाण्या माणसानं तिथंच मशीन बंद केलं असतं. हनीफनं तिसरी पट्टी घेतली. बारसं तोंडावर आलेलं, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री त्याला स्वतःची फारशी पर्वाच उरली नव्हती.

गुण्या ढकलला. हलेना.

खाचेत भुसा अडकला असेल... नाही. खाच स्वच्छ होती.

पुन्हा ढकलला. समोरून कुणी तळहात टेकवावा तसा अडला. त्यानं जोर केला. समोरून तेवढाच जोर आला.

समोर कुणी नव्हतं.

वीज गेली.

हनीफनं चाचपडत बटण बंद केलं. तेवढी शिकवण अंगात होती. पातं घरघरत घरघरत थांबलं. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"मिस्त्री...?"

...

कर्र.

क्लॅम्प आवळल्याचा आवाज. थांबला. परत... कर्र.

हनीफ पळाला नाही. तुम्ही पळाला असता, मीही पळालो असतो. तो तिथंच भुशात बसला आणि बोलायला लागला.

"तुमी गेल्यापासनं एकटाच जेवतोय, मिस्त्री. घास उतरत न्हाई... अर्धा डबा तसाच ऱ्हातो..."

तीन महिन्यांचं साचलेलं सगळं बोलला.  कुणीतरी ऐकत होतं, एवढं तो आजही शपथेवर सांगतो.

एक वाजून दहा मिनिटांनी दिवा लागला. कठडा पात्यापासून मागं सरकलेला, बरोबर एका ठोकळ्याच्या जाडीएवढा. आणि पात्याच्या अलीकडे, क्लॅम्पमध्ये...

हनीफनं क्लॅम्प हलवून पाहिला, घट्ट बसला होता. मग त्यानं पट्ट्या कापल्या. एकही तुकडा अडकला नाही. पहाटेपर्यंत पाळणा जुळून झाला.

सकाळी बाळाबाई आली. पाळण्याला हात लावायच्या आधीच तिची नजर मशीनवर गेली. ठोकळ्याच्या कोपऱ्याला खिळ्याचं जुनं भोक होतं, ते ती ओळखत होती.

"भावजी... ह्यो तुमीच ठिवला व्हता ना, त्यांच्या छातीवर?"

हनीफनं मान डोलावली.

तिनं हळूच बोट लावलं. राखेचा कण नव्हता. वर पेन्सिलीची एक नवी रेघ होती. त्या रेघेवरून तिनं बोट फिरवलं आणि झटकन मागं घेतलं.

रेघ ओली होती.