पाहिल्याशिवाय सही नाही

"आज संध्याकाळी सभा आहे. सभा संपली की मला चोर म्हणतील," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत ताठ बसून राहिल्या.

मेहुण्याने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. खासगी गुप्तहेराच्या कचेरीत तुला तेवढंच जमतं, असं त्याची बहीण म्हणायची. गुप्तहेर म्हणजे तिचा नवरा. मेहुण्याच्या तोंडून सारखं 'दाजी, दाजी' ऐकून सगळं गाव त्यांना दाजीच म्हणायला लागलं होतं.

बाई निवृत्त शिक्षिका आणि एका धर्मसंस्थेच्या खजिनदार. संस्था निराधार म्हाताऱ्यांना सांभाळायची. अध्यक्ष गुरुजी परदेशात प्रवचनं करायचे आणि तिथले भाविक एकेका पलंगाचे पैसे द्यायचे. पलंगावर देणगीदाराच्या आईवडिलांच्या नावाची पाटी लागायची, सभागृहात प्रार्थना व्हायची. मग फोटो परदेशी जायचा आणि पलंग दूरच्या शाखेत.

"परवा एक देणगीदार न कळवता त्या शाखेत गेला. आईचं नाव शोधायला," बाई म्हणाल्या. "तिथे सगळी म्हातारी माणसं जमिनीवर झोपलेली. पलंग एकही नाही."

"बिलांवर सही तुमची?" दाजींनी विचारलं.

"माझीच. पण वस्तू पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. प्रत्येक पलंग माझ्यासमोर सभागृहात आला. पाटी वाचली, हात लावून पाहिला, मगच सही केली. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं हो मी."

त्यांनी पिशवीतून फोटो काढून मांडले. पांढरा लोखंडी पलंग, पितळी पाटी. मेहुणाही वाकून बघू लागला. प्रत्येक फोटोत उशाकडच्या गजाला लाल तारेचं एक छोटं वेटोळं होतं.

"नक्षी बरी केलीय," तो म्हणाला.

"हं," दाजी म्हणाले आणि उठले.

संस्थेत गुरुजी फटकूनच बोलले. "पाट्या मी स्वतः घडवून घेतो. पलंगांचं चिटणीस बघतात, पैशांचं बाई. बाईंवर डोळे मिटून विश्वास टाकला, हीच चूक झाली."

मेहुण्याच्या मनात गुरुजींबद्दलच पाल चुकचुकली. परदेशात हात पसरणारा माणूस हाच.

चिटणीस मात्र गोड होते. "बाईंसाठी जीव तुटतो हो. पण दुकानदार पलंग आणतो, प्रार्थना झाली की तोच शाखेत नेतो. त्यालाच विचारा ना." त्यांनी पत्ताही लिहून दिला.

"वर काय आहे?" दाजींनी विचारलं.

"इथले जुने रहिवासी. बाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, नाहीतर त्याही जाऊन बसल्या असत्या."

वर तसेच पांढरे पलंग ओळीने होते. जिन्याजवळच्या आजोबांनी चष्मा काढून उशाकडच्या लाल तारेच्या आकड्याला अडकवला.

"मीच वाकवलाय. आलो त्याच दिवशी," ते म्हणाले. "दोन चष्म्यांवर झोपून झालंय माझं."

"इथे नीट बघतात ना?"

"चिटणीस म्हणजे देवमाणूस. खाली नव्या पलंगाची प्रार्थना असली की मला गोंगाटाचा त्रास नको म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात. परत येतो तर माझा पलंग लख्ख पुसलेला. डोळ्यांत काही दोष नाही म्हणे. डॉक्टरसुद्धा कंटाळलाय मला."

"दाजी, अशी माणसं राहिली नाहीत आता," जिना उतरताना मेहुणा म्हणाला.

"एक राहिलंय, तेवढं पुरे आहे."

दुकानात शिरले तेव्हा दुकानदार फोनवर होता. "हो दाजी, आले दोघं. ठेवतो." मेहुण्याने चमकून आपल्या दाजींकडे पाहिलं. ते शांतपणे गाद्या दाबून बघत होते.

"सगळे पलंग मीच पोचवले," दुकानदार म्हणाला. "शाखेतून कुणी विकून खाल्ले तर मी काय करणार?"

संध्याकाळी सभागृहात विश्वस्त बसले होते. तो देणगीदारही होता. बाई कडेच्या खुर्चीत, मांडीवर राजीनामा घेऊन. तेवढ्यात हमालांनी एक पलंग आत आणला आणि मागून आजोबा आले.

"हा इथे कशाला?" चिटणीसांनी विचारलं.

दाजींनी आजोबांपुढे फोटो धरले. "हा आकडा कुणाचा?"

"माझाच की. पण हाही माझा? आणि हा पण?" आजोबा एकेक फोटो बघत गेले. "या पाट्या माझ्या पलंगावर कधी लागल्या?"

"तुम्ही डॉक्टरकडे होता तेव्हा," दाजी म्हणाले. "नवा कोरा म्हणून दाखवलेल्या प्रत्येक पलंगाला आजोबांनी वाकवलेली तार आहे. पलंग एकच. वरून खाली यायचा, पाटी लागायची, प्रार्थना व्हायची, पाटी निघायची आणि पलंग पुन्हा वर जायचा. बाईंनी प्रत्येक पलंग येताना पाहिला. जाताना कुणीच पाहिला नाही. त्या जिना चढत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं."

"म्हणजे गुरुजींनी..." मेहुण्याच्या तोंडून निघून गेलं.

"गुरुजींनी फक्त चौकशी केली नाही. आजोबांना दर वेळी डॉक्टरकडे धाडलं चिटणीसांनी. आम्ही दुकानात निघालोय हेही त्यांनाच माहीत होतं, पत्ता त्यांनीच दिला. तरी आम्ही पोचायच्या आत दुकानदाराला फोन आला होता. तो समोरच्याला काय म्हणाला, मेहुणे?"

"दाजी."

"आणि दाजी कुणाला म्हणतात?"

"बहिणीच्या नवऱ्याला," मेहुणा छाती फुगवून म्हणाला. उभ्या जन्मात एवढा सोपा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"चिटणीस, तुमचे मेहुणे काय करतात?"

चिटणीस मटकन पलंगावर बसले.

"उठा," आजोबा म्हणाले. "माझा आहे तो."

गुरुजी खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी बाईंपुढे हात जोडले. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी राजीनाम्याचे तुकडे केले.

"माफीचं नंतर बघू, गुरुजी. आधी त्या माणसांना जमिनीवरून उठवा."

चिटणीस आणि त्यांचा दुकानदार मेहुणा पोलिसांच्या हाती गेले. त्यांनी हडपलेल्या पैशांतून बांधलेलं घर विकावं लागलं आणि शाखेत खरोखरीचे पलंग आले. बाई ट्रकमागोमाग गेल्या. दाजींच्या मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या शाखेचा जिना चढल्या आणि प्रत्येक पलंगावर त्यांनी बसून पाहिलं. देणगीदाराच्या आईच्या नावाचा पलंग खिडकीशी होता. त्यावर एक म्हातारी दुपारीच गाढ झोपली होती. बघायला आलेला देणगीदार कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला.

आजोबा लाल तारेचं भेंडोळं घेऊन आले होते. "प्रत्येक पलंगाला एकेक आकडा करून देतो."

"नका हो," दाजी म्हणाले. "सगळे फोटो सारखे दिसतील. माझ्याच केसची वाट लागेल."

"करू द्या त्यांना," बाई म्हणाल्या आणि पेन उघडलं. "दिसू देत फोटो सारखे. आता नुसतं सभागृहात बघून कोण सही करतंय?"