चौथ्या दिवसाचा आलेख

करुणेपोटी उच्चारलेले असत्यही कुणाच्या तरी आशेचा पाया होऊन बसते. तो पाया खचला, की बोलणाऱ्याने पाठ न फिरवता ढिगाऱ्याजवळ थांबावे, हाच धर्म होय.

ती रुग्णालयात नसांच्या तपासणीचे यंत्र चालवी. तिथला नियम एकच — तिने आलेख काढावा, अर्थ डॉक्टरांनी सांगावा. सात वर्षे तिने तो निष्ठेने पाळला होता.

एके सकाळी तिच्यासमोरच्या खाटेवर एका मोजणीदाराला आणून निजवले. रानोमाळ पायी हिंडून जमिनीच्या हद्दी मोजणारा तरणाबांड माणूस. मज्जारज्जूला सूज येऊन चार दिवसांपूर्वी कमरेखाली लुळा पडलेला. अंतर मोजायला तिने त्याच्या गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फीत लावली.

“फीत ढिली आहे, मॅडम. मोजणी चुकेल.”

“पाय कुणाचा, फीत कुणाची?”

“पाय सध्या कुणाचाच नाही... बेवारस जमीन समजा. हवा तर ताबा घ्या.”

तिला हसू आवरेना. नसेला विजेचा हलका झटका दिला, तशी पडद्यावर उंच लाट उमटली. तो मात्र पडद्याकडे नव्हे, तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. ती नजर तिला सोसवेना.

“चांगलं आहे,” ती पुटपुटली. “चालाल तुम्ही.”

नस मुळाशी मेली, तरी आठवडाभर तिचे टोक झटक्याला उत्तर देत राहते. तोडलेली फांदी काही दिवस हिरवीच दिसते. हे तिला ठाऊक होते. त्या क्षणी आठवावेसे वाटले नाही, इतकेच.

पुढे तीन आठवडे, सूज उतरवणारी औषधे चालू असताना, ती रोज दुपारच्या सुटीत वॉर्डात डोकावू लागली. ती आली, की त्याची थोरली बहीण पाणी आणायला उठे.

“ताई, बाटली भरलेलीच आहे.”

“मग ओतून येते.”

एकदा तो अडखळत म्हणाला, “उभा राहिलो, की... तुमच्या आईंना भेटायला येईन. तोवर काही बोलत नाही.”

“नका बोलू,” ती म्हणाली. आणि सुटी संपण्याआधीच ती उठली.

पंचविसाव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या पोटरीत बारीक सुई घातली. यंत्राच्या स्पीकरमधून आवाज आला — टप... टपटप... पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा.

“पाऊस?” त्याने हसून तिला विचारले. “छान वाटतो ऐकायला.”

नसेपासून तुटलेला स्नायू असाच एकटा टिपटिपत राहतो. तिने मान खाली घातली. दुसऱ्या पायातही तोच आवाज निघाला. सुई काढून डॉक्टर संथपणे म्हणाले, “खोटी आशा देत नाही. हे पाय पुन्हा तुमचा भार घेतील, असं या चाचणीवरून दिसत नाही.”

ते गेले. खोलीत दोघेच उरली. ती खाटेच्या कडेला बसली.

“चौथ्या दिवशी मी बोलले, ते खोटं होतं,” ती म्हणाली. “इतक्या लवकर काही कळत नसतं. माहीत असून बोलले. तुम्ही... तसे बघत होतात.”

“त्या एका वाक्यावर मी तीन आठवडे काढले,” तो म्हणाला. “राग येतोय. तुमच्याकडे बघवत नाही.”

“नका बघू. मी इथेच आहे.”

“दया येत असेल, तर जा.”

“दया त्या दिवशी होती. नंतर रोज आले, ती माझ्यासाठी... मला तुम्ही हवे आहात. आईला मी इकडे घेऊन येते.”

“आणि काय सांगाल त्यांना?”

“सांगेन, हा माणूस माझ्यावर फार रागावलाय, पण माझा हात काही सोडत नाही.”

त्याने खाली पाहिले. तिची बोटे केव्हा त्याच्या मुठीत गेली, ते त्याला कळलेच नव्हते. त्याने मूठ सैल केली नाही. मग मात्र तो रडला — पुष्कळ वेळ, आवाज न करता.

त्याचा राग यथाकाल निवळो, दोघांचा सहवास दीर्घ असो. आणि त्यांच्या घरात गोड असत्याची गरज पुन्हा कधी न पडो.