खडूच्या चंद्रावरचा आवाज

"ओ बाई! जरा मदत कराल का?"

आवाज हेल्मेटच्या आतून आला होता. मी आणि माझी कुत्री बिस्किट, आम्ही दोघी गावच्या खाणीतली चिनी मातीची पांढरी टेकडी उतरत होतो. खाली हिरव्या तळ्याच्या काठाला एक चंदेरी माणूस गुडघ्यापर्यंत चिखलात रुतून उभा होता. वरून बारीक भुरभुर चालू होती.

"काच धुरकटलीय, धड काही दिसत नाहीये," तो म्हणाला. "पाठीची चेन अडकलीय. आणि बाकीचे सगळे जेवायला गेलेत."

मी लग्नाचे झगे बेतून देते, त्यामुळे खिशात कात्री असतेच.

"हलू नकोस हं, राजा."

"राजा?" तो आतल्या आत दचकला. "आपली ओळख...?"

"आमच्या कॉर्नवॉलमध्ये बसचा ड्रायव्हरसुद्धा राजाच म्हणतो. हुरळून जाऊ नकोस." आणि मानेपासून कमरेपर्यंत पोशाख सरळ कापून मोकळी झाले.

हेल्मेट निघालं. आतून ओले तांबूस केस निघाले, वाकडा झालेला चष्मा निघाला आणि लालभडक कान. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. आधी पाठीमागे हात नेऊन ती लांबच लांब फट चाचपली.

"तुम्ही... कापलात?"

"श्वास येतोय ना?"

"आमच्याकडे हा एकच होता हो!"

मग मात्र त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. आणि हसू लागला.

तो नेड सग्डेन. लीड्सचा. चार मित्रांना घेऊन, बारा दिवसांत, आमच्या खाणीत एक चित्रपट काढायला आला होता. 'खडूचा चंद्र'. एका ओसाड चंद्रावर एकटी राहिलेली अंतराळवीर, एवढीच गोष्ट. पोशाख म्हणजे रंगाऱ्याचा डगला आणि त्यावर चंदेरी फवारा. पाठीवरच्या प्राणवायूच्या टाक्या म्हणजे जेवणाचे दोन डबे. यानातली बटणं अंड्यांच्या खोक्यावर चिकटवलेली. चढणीवर चालता येतं का ते पाहायला हा दिग्दर्शक स्वतःच तो डगला चढवून गेला होता.

"कापणाऱ्यानेच शिवून द्यायला हवं," तो म्हणाला. "उद्या सातला शूटिंग आहे."

"संध्याकाळी?"

"सकाळी."

"मग चहा तुझा."

दुसऱ्या दिवशी पोशाख घेऊन गेले ती तिथेच राहिले. रोजच काहीतरी उसवायचं. खरं सांगायचं तर दोनदा मीच शिवण जरा सैल ठेवली होती.

चौथ्या दिवशी अंतराळवीर झालेल्या नटीला टीव्हीवरच्या मालिकेत काम मिळालं आणि ती निघून गेली. नेड एका दगडावर बसला. रडला नाही, पण नाक मात्र चार वेळा पुसलं. कॅमेरा सांभाळणारा फर्गस मला म्हणाला, "लोवेना, डगला घालून उभी राहतेस का? नुसता उजेड बघायचाय."

मी उभी राहिले. कुणीतरी हातात कागद दिला, तो वाचला. वाचून वर पाहिलं तर नेड उठून उभा होता.

"परत वाच."

"कळलं नाही का?"

"कळलं. म्हणूनच... परत."

तर अशी मी चंद्रावर गेले. आठ दिवस. उंचावरून खाली धावले, तळ्यात पडले, डब्यांतला प्राणवायू संपल्यावर तडफडले. रोज संध्याकाळी नेड माझ्या बुटांवरची पांढरी माती स्वतः पुसायचा. म्हणायचा, "सामान नीट ठेवायला हवं."

"बूट माझे आहेत," मी म्हणायचे.

"बुटांतलं माणूसही नीट ठेवायचंय..." असं म्हणून तो खाली बघत उगाचच जोरजोरात पुसत सुटायचा.

शूटिंग संपलं. तो लीड्सला गेला आणि संकलनाला बसला. रोज फोन करायचा. आधी चित्रपटाबद्दल, मग हवेबद्दल, मग नुसताच. महिन्यातून एकदा यायचा. आम्ही दोघं ट्रुरोच्या बाजारात जाहिरातीची पत्रकं वाटायचो. पोशाख माझ्या अंगावर, पत्रकं त्याच्या हातात. एका आजीबाईंनी मला थांबवून विचारलं, "गॅसचा मीटर बघायला तुम्हीच येणार होतात ना?" नेडला इतकं हसू आलं की सगळी पत्रकं वाऱ्यावर उडाली. ती गोळा करताना आमची डोकी आपटली. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, त्यामुळे टेंगूळ त्याला आलं. मी त्यावर हात ठेवला, आणि जरा जास्तच वेळ ठेवला...

मग एका शुक्रवारी तो न कळवता दुकानात आला. टाचण्यांची उशी उचलून हातात फिरवत बसला.

"लंडनच्या एका वितरकाला चित्रपट आवडलाय. चाळीस थिएटरांत लावू म्हणतोय."

"नेड! मग असं तोंड का केलंयस?"

"त्याला फक्त... आवाज बदलून हवाय. तुझा. म्हणतो, तिचं बोलणं शेतावरचं वाटतं, लोक हसतील."

एक्सेटरला शिकत असताना मी आमच्या कॉर्नवॉलचा 'र' म्हटला की सगळा वर्ग हसायचा. तेव्हापासून परक्यांत मी कमीच बोलते. चंद्रावर मात्र बोलले होते, कारण ऐकणारा नेड होता.

"तू काय म्हणालास?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"कधी?"

"दोन आठवडे झाले."

एवढे दिवस हा रोज फोनवर माझ्याशी हवेबद्दल बोलत होता.

"चाळीस थिएटरं म्हणजे थट्टा नाही," मी म्हटलं. "बदल आवाज. आणि टाचण्या खाली ठेव, बोटात घुसतील."

त्यानंतर मी त्याचा फोन उचलला नाही. दीड महिना. झगे बेतले, बिस्किटला फिरवलं, खाणीकडे मात्र गेले नाही. मग ब्रिस्टलहून पाकीट आलं. तिथल्या छोट्या महोत्सवात 'खडूचा चंद्र'चा पहिला खेळ होता. आत एक तिकीट होतं. चिठ्ठी नव्हती.

"नाही जाणार," मी म्हटलं.

डॉर्कस मावशी लोण्याचा हात पुसत म्हणाली, "अगं, तुझ्या तोंडात कुणाचा आवाज घातलाय ते ऐकून तरी ये. ती बाई भुंकत असेल तर उठून ये परत."

मी शेवटच्या रांगेत बसले. साठेक माणसं होती. अंधार झाला, पांढऱ्या टेकड्या दिसल्या, मी दिसले. हेल्मेटमधल्या माझ्या ओठांची हालचाल सुरू झाली आणि मी डोळे मिटून घेतले.

"उजव्या टाकीत चार तास. डावीत तीन."

माझा आवाज होता तो. तोच 'र', चांगला जाड, आमच्या गावचा. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई तर हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होती. मी डोळे उघडले, पण पडदा नीट दिसेना.

दिवे लागले. नेड व्यासपीठावर आला, कान लाल. एकाने विचारलं, "त्या बाईंचं बोलणं काही ठिकाणी समजायला अवघड गेलं. आवाज बदलावा असं वाटलं नाही?"

"एका वितरकाला वाटलं होतं," नेड म्हणाला. "मी दोन आठवडे घोळ घातला. तिला सांगायला घाबरलो आणि त्याला नाही म्हणायलाही घाबरलो. शेवटी नाही म्हणालो, तर तो चित्रपट सोडून गेला. पण मी आठ महिने बंद खोलीत तो आवाज ऐकलाय. आता..." त्याने चष्मा काढला, पुसला. "आता तो कानावर पडल्याशिवाय सकाळचा चहासुद्धा गोड लागत नाही."

"साखर घालायला विसरत असशील!"

माझ्याच तोंडून गेलं ते. अख्खं सभागृह मागे वळलं. आणि मग साठच्या साठ माणसं टाळ्या वाजवायला लागली. नेड टाळ्या वाजवत नव्हता. चष्मा हातातच धरून, काहीच दिसत नसताना, नेमका माझ्याकडे बघत होता.

बाहेर बंदराच्या कठड्यावर आम्ही एका कागदात व्हिनेगर शिंपडलेले बटाट्याचे गरम चिप्स घेऊन बसलो.

"चाळीस थिएटरं गेली," मी म्हटलं.

"हं."

"आता लावणार कुठे?"

"गावोगावच्या सभागृहांत. झगे पोचवायची तुझी व्हॅन आहे ना?"

"म्हणजे व्हॅनसाठी तिकीट पाठवलंस!"

"लोवेना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच अडखळला नाही. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू खिशातली कात्री काढलीस ना, तेव्हापासून."

"पुन्हा दोन आठवडे काही लपवशील?"

"दोन मिनिटंसुद्धा नाही."

"मग माझंही आहे," मी म्हटलं. त्याच्या ओठांना मीठ आणि व्हिनेगरची चव होती.

गावोगावच्या खेळांतला पहिला पुढच्या शनिवारी बोडमिनच्या सभागृहात ठरला. दारावर पोस्टर आम्ही दोघांनी मिळून चिकटवलं, एकेका हाताने. ते चांगलंच वाकडं लागलं. सरळ करायचं तर दुसरे हात सोडावे लागले असते, म्हणून ते तसंच राहू दिलं.